मोडीचा भाव

आमच्या पाटसच्या घरातला तांब्याचा बंब मोडीत गेला, त्या दिवशी आजी जेवली नाही. मी तेव्हा पाचवीत होतो. बंब एसटीच्या टपावर चढवला, तोंडाला सुतळीने गोणपाट बांधलं आणि वडील, मी आणि बंब असे तिघं दौंडला गेलो. कंडक्टरने बंबाचंही तिकीट फाडलं. भांड्याच्या दुकानात तो तराजूत बसेना, म्हणून दुकानदाराने त्याची नळी, झाकण आणि पोट सुटं केलं आणि तीन वेळा वजन घेतलं. तळाला काजळी होती, सांध्यांना डाग दिलेला होता, त्याची म्हणून घट धरली. येताना आमच्या हातात स्टीलची दोन पातेली, सात डब्यांची उतरंड आणि थोडे सुटे पैसे होते. आई खूश होती. आजीने डबा वाजवून पाहिला आणि म्हणाली, "पत्रा हाय. मोडीत कोन घेईल ह्येला?"

मोड हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागतो. घरातलं पिचलेलं, गळकं भांडं दुकानात द्यायचं. त्याचं वजन व्हायचं, घट वजा व्हायची आणि उरलेल्या तांब्या-पितळेच्या भावात नवं भांडं मिळायचं. वर मजुरी तेवढी रोख द्यायची. ती मोड पुढे पुण्याच्या तांबट आळीकडे किंवा एखाद्या भट्टीकडे जाई, वितळे, पत्रा होई आणि पुन्हा कुणाच्या तरी रुखवतात हंडा होऊन मिरवे. धातू घरातून बाहेर पडे, पण चक्रातून बाहेर पडत नसे. माझ्या पणजीच्या घागरीतलं तांबं आज एखाद्या फ्रीजच्या नळीतून फिरत असलं, तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

आमच्या भागाला ही काटकसर आपोआप आली असावी, कारण आमच्या पायाखाली काळ्या पाषाणाशिवाय काही नाही. भीमेच्या काठची काळी जमीन ऊस देते, ज्वारी देते. पूर्वी या सगळ्या मुलखाला भीमथडी म्हणत आणि इथली तट्टं मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. पण धातू नाही. बोअरची गाडी पाचशे फूट खाली गेली तरी वर येते ती राखाडी भुकटी आणि फार तर लालसर गाळ. पावसाळ्यात पांढरीच्या मातीत एखादी शिवराई सापडायची. ते तांबंसुद्धा कुठून आलं असेल कोण जाणे. त्या काळात डच व्यापारी थेट जपानचं तांबं सुरतेला उतरवत. म्हणजे धातू बाहेरून आणायचा आणि एकदा आला की जाऊ द्यायचा नाही, ही आमची जुनी रीत.

या रीतीतला सगळ्यात देखणा माणूस म्हणजे कल्हईवाला. तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसवरून रोटीच्या घाटाकडे जाते. त्याआधी आठवडाभर गावातली मोठाली भांडी उजळून निघत, कारण वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी आणि खीर त्यांतच शिजायची. कल्हईवाला पिंपळाखाली खड्डा काढी, त्यात कोळसा भरी, चामड्याच्या भात्याची नळी पुरी आणि सोबतच्या पोराला भाता मारायला बसवी. पातेलं तापून लाल झालं की त्यात नवसागराची चिमूट पडे. पांढऱ्या धुराचा एक लोट उठे आणि त्याचा तो घशात खुपणारा वास. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. पाऱ्यासारखा थेंब पळायला लागे आणि कापसाच्या बोळ्याने दोन फेरे मारले की काळं पातेलं चांदीचं. शेवटी ते पाण्याच्या बादलीत बुडवताना 'चर्र' व्हायचं, त्या आवाजासाठी आम्ही पोरं तासभर उभी असायचो.

आजी मात्र आवाज वेगळाच ऐकायची. काम सुरू होण्याआधी ती कल्हईवाल्याला कथलाची कांडी तिच्या कानाशी वाकवायला लावी. शुद्ध कथील वाकवलं की कुरकुरतं. त्यात शिशाची भेसळ असेल तर मुकाट वाकतं. धातुशास्त्राच्या पुस्तकात या कुरकुरीची नोंद आहे, हे मला कॉलेजात कळलं. आजीला अक्षरओळख नव्हती. पण हे नुसतं सुंदर नव्हतं, हेही सांगायला हवं. भाता मारणारं ते पोर माझ्याच वयाचं होतं, शाळेत नव्हतं, आणि दिवसभर तो नवसागराचा धूर छातीत घेत होतं. त्याला आम्ही कधी नाव विचारलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण एक सरकारी यादी. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये देशासाठी कळीच्या अशा ३० खनिजांची यादी जाहीर केली. ज्यांच्यावाचून उद्याची विजेची गाडी, सौर पॅनेल, पवनचक्की अडेल आणि ज्यांचा पुरवठा कुणीही, कधीही अडवू शकेल अशी ही खनिजं. मी त्यांना मनातल्या मनात अडीनडीची खनिजं म्हणतो. यादीत लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्राफाइट, टेल्युरियम, गॅलियम अशी नावं वाचत गेलो आणि मध्येच दोन ओळखीचे चेहरे दिसले. तांबं आणि कथील. आजीचा बंब आणि कल्हईवाल्याची कांडी. जोडीला पोटॅशही होतं. कथील आता प्रत्येक इलेक्ट्रॉनिक पाटीवरच्या झाळकामात असतं. रांजणगावच्या एमआयडीसीत बनणाऱ्या टीव्हीतही आणि छपरावरच्या सौर पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्टीवरही. म्हणजे कल्हई थांबलेलीच नाही, फक्त पिंपळाखालून उठून गेली.

तेव्हाची आणखी एक काळी भुकटी मला आठवते. बॅटरीतले, म्हणजे हातातल्या विजेरीतले, लाल एव्हरेडीचे सेल संपले की आधी उन्हात ठेवून त्यांच्याकडून आणखी दोन रात्री काढून घ्यायच्या. मग दगडाने फोडायचे. आतली कार्बनची कांडी फरशीवर रेघा ओढायला, जस्ताचं कवच गारीगारवाल्याला. तो भंगार घेऊन गारीगार द्यायचा. दोन कवचांना अर्धी कांडी असा आमचा दर. राहिलेली काळी भुकटी हाताला, तोंडाला, सदऱ्याला. तिचा मार आईकडून मिळे. ती भुकटी म्हणजे मॅंगनीज डायऑक्साइड आणि असलं मॅंगनीज आपल्याच राज्यात, भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघतं, कोरड्या सेलांच्या कारखान्यांना जातं, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. खाण मॉइल या सरकारी कंपनीची, कंपनीचं मुख्यालय नागपूरला. मॅंगनीज त्या तिसांच्या यादीत नाही. स्वतःच्या घरात निघतं त्याची अडीनड वाटत नाही, म्हणून असेल.

आता चेतकची गोष्ट. आमच्या आळीत पहिली बजाज चेतक आली तेव्हा तिची पूजा झाली, पेढे वाटले गेले आणि मालकाने ती तिरकी करून, किक मारून चालू करून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. तिचा नंबर कित्येक वर्षांपूर्वी लावलेला होता. मधल्या काळात मालकाचं लग्न होऊन दोन मुलं झाली होती. नंबर लागण्याचं कार्ड हीच एक मालमत्ता होती. सोयरिकीच्या बोलण्यांत तिचा उल्लेख होई. आकुर्डीत कारखाना होता, लोखंड होतं, हात होते, गिऱ्हाईकं तर रांगेत होती. अडलं होतं ते किती गाड्या बनवायच्या याच्या परवान्यावर. दिल्लीतला एक कागद पाटसच्या माणसाला सायकलवर ठेवत होता.

चेतक पुन्हा आली २०२० साली, विजेवर. आवाज नाही, तिरकी करायची गरज नाही. आणि जुलै २०२५ मध्ये बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं की ऑगस्टमध्ये या गाडीचं उत्पादन शून्यावरही येऊ शकेल. या वेळी कागद दिल्लीतला नव्हता. चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली होती. गाडीच्या चाकाला फिरवणाऱ्या मोटारीत निओडिमियमचं चुंबक असतं. मोटार तापली तरी त्याची ओढ टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम किंचित मिसळतात, जेवणात हिंग घालावा तसं. त्या हिंगावर अख्खी स्वयंपाकघरं अडली. पुढे पुरवठा थोडा मोकळा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षाला ६,००० टन चुंबकं देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चुंबकाला लागणारे धातू आपल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत आहेत, केरळपासून ओडिशापर्यंत. वाळूतून धातू, धातूतून चुंबक, ही मधली भट्टी आपण कुणाला तरी देऊन बसलो. तांबट आळीला कुलूप लावायचं आणि हंडे परदेशातून मागवायचे, असा प्रकार.

तांब्याबाबतीत मात्र गावाला कुणी शिकवायला नको. तूतुकुडीचा मोठा तांबं-कारखाना २०१८ मध्ये बंद झाला आणि शुद्ध तांब्यात भारत विकणाऱ्याचा घेणारा झाला, हे शेतकऱ्याने वाचलं नसेल, पण त्याला ते भीमेच्या काठावर कळतं. सकाळी मळ्यात जावं तर मोटारीची केबल कापून नेलेली. कधी डीपीच, म्हणजे विजेचं रोहित्रच, फोडलेली असते. तेल जमिनीवर सांडलेलं आणि आतल्या तांब्याच्या कॉइल गायब. दौंड-शिरूर पट्ट्यात ही बातमी इतकी नेहमीची की वर्तमानपत्रात ती आतल्या पानावर दोन ओळींत आटोपते. पण त्या डीपीवरच्या सगळ्यांचा ऊस नवी येईपर्यंत तहानलेला राहतो. आमच्या लहानपणी चोर कोंबड्या नेत, फार तर विहिरीवरचा पोहरा. डीपीच्या तारेला हात लावायची त्यांची छाती नव्हती आणि तेवढा भावही नव्हता.

आणि तरीही मोडीचा धर्म गावात कुठे टिकला असेल, तर तो याच मोटारींच्या रिवायंडिंगच्या दुकानात. मोटार जळाली की जुनी तार काढली जाते, काट्यावर टाकली जाते, तिचे पैसे नव्या तारेतून वजा होतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीचंही तसंच. शिशाची जुनी बॅटरी जमा केली की नव्या बॅटरीत सूट, हे कुणाला सांगावं लागत नाही. विक्रेत्याने जुनी परत घ्यावी हा नियम २००१ मध्ये आला, पण तो नियमामुळे पाळला जात नाही. शिशाला भाव आहे म्हणून पाळला जातो. अर्थात ते शिसं नोंद नसलेल्या भट्ट्यांत वितळतं आणि धूर तिथल्याच पोरांच्या अंगात उतरतो. भाता मारणारं पोर तिथेही आहेच.

पोटॅशचं थोडक्यात सांगतो. भीमा कारखान्याचा भोंगा ऐकून आम्ही शाळेची वेळ ओळखायचो. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल काढून उरलेलं काळं, सडकं पाणी तेव्हा ओढ्यांत जाई, नदीत मासे मरत. आता नव्या डिस्टिलऱ्या ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यावर वाफ आणि वीज करतात. आणि मागे राहणाऱ्या राखेत पोटॅश असतं. त्यात साडेचौदा टक्के पोटॅश असलं की ते अनुदानाच्या खतात मोजतात, आणि २०२३-२४ साठी कारखान्यांना त्याचा टनामागे ४,२६३ रुपये असा भाव ठरला. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत आपण सगळंच्या सगळं आयात करतो. तेच उसाने जमिनीतून उचललेलं, धुरांड्याखाली सापडलं. ही ऊसवाल्यांची मोड. अल्कोहोलचं इथेनॉल पेट्रोलमध्ये गेलं, राख शेतात गेली. आजीने मान डोलावली असती.

तिला सर्वात जास्त गोंधळात टाकलं असतं ते लिथियमने. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासी भागात ५९ लाख टनांचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला तेव्हा पाटसच्या चहाच्या टपरीवरसुद्धा 'आता आपण सुटलो' असं ऐकू आलं. मग लिलावाला बोलीदारच पुरेसे आले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये काबिल या सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या कॅटामार्का प्रांतात पाच पट्टे घेतले, १५,७०३ हेक्टरचे. काबिलच्या तीन भागीदारांपैकी एक, खनिज शोधणारी एमईसीएल, आपल्या नागपूरची. जानेवारी २०२५ मध्ये या कळीच्या खनिजांसाठी १६,३०० कोटींचं राष्ट्रीय मिशन आलं. खाण शोधण्यापासून धातू हाती येईपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात; तोवर आणखी एक खाण आपल्या घराघरांत साठत चालली आहे.

त्यातला एक साठा माझ्या पुतण्याने तयार केला. त्याने चार वर्षांपूर्वी विजेची स्कूटर घेतली. पहिली दोन वर्षं कौतुकाची गेली. पाटस स्टेशनावरून आता विजेच्या गाड्या धावतात, वर तांब्याची तार. पुणे-नगर रस्त्यावर, शिरूरमार्गे, १ जून २०२२ ला एसटीची पहिली विजेवरची शिवाई धावली, त्याच रस्त्यावर जिथे १ जून १९४८ ला एसटीची पहिलीवहिली बस धावली होती. अशा दिवसांत त्याच्या स्कूटरला नावं ठेवणारा मीच म्हातारा ठरायचो. मग बॅटरीने मान टाकली. जिथून गाडी घेतली त्या शोरूमचं शटर कायमचं खाली आलेलं. फोन लागतो तो एका बाईच्या ध्वनिमुद्रित आवाजाला. २०२२ च्या नियमांनुसार बनवणाऱ्यानेच जुनी बॅटरी परत घेऊन तिच्यातला माल काढायचा आहे, आणि २०२७-२८ पासून नव्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत थोडा देशात परत मिळवलेला माल घालायचा आहे, पाच टक्क्यांपासून सुरुवात. सप्टेंबर २०२५ मध्ये असा माल काढणाऱ्यांसाठी १,५०० कोटींची योजनाही मंजूर झाली. कागद छान आहे. पण कागदाच्या एका टोकाला कारखाना आहे, दुसऱ्या टोकाला माझ्या पडवीतली बॅटरी, आणि मधला माणूस कोण, हे कागद सांगत नाही.

मधला माणूस मला माहीत आहे. तो आठवड्यातून दोनदा आमच्या आळीतून जातो. पूर्वी त्याचा बाप हातगाडीवर यायचा आणि 'भंगाऽऽर' असा शेवटचा स्वर लांबवायचा. याच्याकडे तीनचाकी आहे, तीही विजेवरची, आणि भोंग्यावर रेकॉर्ड केलेली हाक. मी त्याला थांबवलं. त्याने बॅटरीवरची चिठ्ठी वाचली. एलएफपी, म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेटवाली.

"काका, शिशाची असती तर आत्ता पैसं दिलं असतं. ह्येला कोन घेत न्हाय."

मी त्याला सांगायला लागलो. अडीच युनिटची ही बॅटरी; हिच्यात लिथियम जेमतेम पाव किलो, पण ग्राफाइट दोन-अडीच किलो, तांब्याची पानं, ॲल्युमिनियमची पानं. एकटी माझ्या पडवीत पडलेली, पण हिच्या पोटात, फॉस्फरस धरून, सरकारच्या यादीतली चार नावं आहेत.

"ॲल्युमिनियम म्हंजे जर्मलच ना? आन् तांबं? किती निघंल?"

"दीड-दोन किलो असेल."

त्याचे डोळे क्षणभर चमकले. मग तो मागे सरला. यवतच्या बाजूला एका गोदामात असला डबा छिन्नीने उघडताना एकाचा हात भाजला होता, तेव्हापासून त्याच्या शेठने असला माल आणू नको म्हणून बजावलंय. माझ्या पुतण्यालाही मोबाइलवर पाहून ती उघडायची हुक्की आली होती, तेव्हा मीच ओरडलो होतो. आत सेल असतात, आमच्या लाल सेलांपेक्षा जरा लठ्ठ. ते दगडाने फोडायचे नसतात, एवढाच फरक. मोठ्या कारखान्यात ते यंत्रात दळतात, आणि निघते ती पुन्हा काळी भुकटी. तिला धंद्यात 'ब्लॅक मास' म्हणतात. तिच्यातून लिथियम वेगळं काढण्याइतकी भट्टी ज्याच्याकडे नाही तो ती भुकटी तशीच परदेशी विकतो. कोबाल्ट-निकेल असलेल्या भुकटीला गिऱ्हाईक चटकन मिळतं. आमच्या एलएफपीत ती दोन्ही नाहीत, म्हणून तिची सोयरीक जमत नाही. कथलाची कांडी कुरकुरते, ही नुसती गप्प बसून राहते. हिच्यात काय आहे आणि किती उरलंय, हे कानाला लावून कळत नाही.

त्याने खिशातून लटकता काटा काढला. बॅटरी उचलताना आम्ही दोघं वाकलो. तेवीस किलो दोनशे ग्रॅम. त्याने मोबाइलवर कुणाला तरी फोटो पाठवला, वाट पाहिली, उत्तर आलं नाही. मग खडूने बॅटरीच्या अंगावर वजन लिहिलं, पूर्वी भांड्याच्या दुकानात लिहीत तसं.

"ऱ्हाऊ द्या हितंच. भाव फुटला की येतो. पन लाकडापाशी ठिवू नका, दगडावर ठिवा."

दगडी ओटा पडवीत एकच आहे. बंबाचा. त्याच्यावर अजून राखेचा गोल डाग आहे. आम्ही दोघांनी ती उचलून त्या डागाच्या मधोमध ठेवली.